आबाला न दिलेला निरोप

अक्काचा आवाज आधी कानाला लागत नसे, छातीला लागे. वैशाखातल्या टळटळीत दुपारी, निंबाची सावली अंगणात चाळणीतून चाळल्यासारखी पडलेली असताना, ती पदराचं टोक कानामागे खोचायची, घसा किंचित साफ करायची, आणि मग जो पहिला स्वर निघे तो गाण्याचा आहे की रडण्याचा, हे अंगणातल्या कोणालाच क्षणभर कळत नसे. तिचा हात त्या वेळी नेहमी जमिनीवर टेकलेला असे. जणू आवाज गळ्यातून नव्हे तर शेणाने सारवलेल्या त्या ओल्या भुईतून वर येत होता आणि हातावाटे तिला मिळत होता. तिचं नाव मथुरा. मला सात वर्षांनी मोठी. पारोळ्याच्या पलीकडे, माहेरापासून चार कोसांवर तिचं सासर. आमचं गाव धुळे-पारोळा रस्त्यावरचं, आणि मी तिथून उठून धुळ्याला हायस्कुलात मराठी शिकवायला गेलेला तिचा धाकटा भाऊ.

आमच्याकडे मेलेल्या माणसाला बायका नुसत्या रडत नाहीत. रडता रडता त्याच्याशी बोलतात. लेक सासरहून येते ती गावाच्या शिवेपासूनच गळा काढत येते, आणि त्या लांबवलेल्या, हेल काढलेल्या ओळींत बापाचं अख्खं आयुष्य येतं. त्याचं खाणंपिणं, त्याचे राग, त्याची राहून गेलेली कामं. हे कोणी कोणाला शिकवत नाही आणि कोणी पाठही करत नाही. सगळ्याच बायकांना ते येतं, पण काहींना फार चांगलं येतं, आणि अक्काला आजूबाजूच्या चार गावांत सगळ्यांपेक्षा चांगलं येई. कुणाची सासू गेली, कुणाचा चुलता गेला, की बैलगाडी अक्काच्या दाराशी उभी. तिने दोन ओळी म्हटल्या की मेलेला माणूस भिंतीला टेकून बसल्यासारखा वाटे आणि मगच लोकांना खरं रडू फुटे. आबा, म्हणजे आमचे वडील, हे ऐकून मिशीत हसायचे आणि मला चिडवायचे, “तू लिखत बस. माले वाटले लावाले मनी आंडेरच लागी.” आंडेर म्हणजे लेक; शेवटच्या वाटेला लावायला मला तीच लागेल, असं त्यांचं म्हणणं. मी त्या वेळी मासिकांना कविता पाठवू लागलो होतो, दोन छापूनही आल्या होत्या, त्यामुळे आबांचं हे बोलणं मला जरा टोचायचं. पण मी ते हसण्यावारी न्यायचो.

आबा गेले ते चैत्र संपताना, सकाळी दहाच्या सुमाराला. स्वातंत्र्य येऊन सहा-सात वर्षं झाली होती. आजारी पंधरा दिवस होते, म्हणून मी गावीच होतो. सालदार सायकलवर टांग मारून अक्काच्या गावाकडे निघाला आणि आम्ही तिची वाट पाहत थांबलो. लेक आल्याशिवाय बाप उचलायचा नाही हे आमच्याकडे कुणी बोलूनही दाखवत नाही. धुळ्याला मोटारवाल्याबरोबर निरोप धाडला होता; दुपारी धुळ्याच्या मोटारीने आमचे हेडमास्तर आले, आणि त्यांच्याबरोबर ज्यांच्या मासिकात माझ्या कविता आल्या होत्या ते संपादकही. पांढरीशुभ्र धोतरं, हातात छत्र्या. गावकऱ्यांनी त्यांच्यासाठी ओसरीवर घोंगडी अंथरली. ते दोघे खाली मान घालून बसले. मी त्यांच्याकडे पाहिलं, मग अंगणात बसलेल्या बायकांकडे पाहिलं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बाप गेल्याचं दुःख मागे पडून एक वेगळीच भीती वाटू लागली. आता अक्का येईल. भुईवर हात टेकेल. आबांच्या तंबाखूपासून त्यांच्या पोटदुखीपर्यंत सगळं हेल काढून बोलेल. ही माणसं काय म्हणतील?

मी उठलो आणि शिवेवर गेलो. चारच्या उन्हात गाडी येताना दिसली. धुरळ्यात दोन बैल, आणि त्यांच्या मागे आपल्या धाकट्या जावेच्या खांद्याला धरून बसलेली अक्का. लांबूनच तिने पदर कानामागे खोचलेला मला दिसला. पहिला स्वर निघालाही होता, “आबा रे...” एवढाच. मी हात वर करून गाडी थांबवली.

“भाऊ, आबाले उचलं नही ना आजून?” तिने विचारलं.

आयुष्यभर मी तिच्याशी घरच्या बोलीत बोललो होतो. त्या दिवशी मात्र माझ्या तोंडून शाळेतली मराठी निघाली. “अक्का, गळा काढू नकोस. धुळ्याची मंडळी आली आहेत. शिकलेली माणसं आहेत. बरं दिसत नाही.”

ती माझ्याकडे बघत राहिली. राग नव्हता तिच्या डोळ्यांत. रागाची मला सवय होती, तो मी निभावून नेला असता. लहान मुलाला एखादी गोष्ट कळली नाही की ते जसं बघतं तशी ती बघत होती.

“मंग आबासंगे बोलू कशी?”

“मनातल्या मनात बोल.”

“बरं, भाऊ,” ती म्हणाली. पदर कानामागून काढला, तोंडावर ओढून घेतला आणि तशीच मुकाट्याने गावात आली.

अंगणात पाय ठेवला तेव्हा बायकांनी तिला वाट करून दिली आणि सगळ्या थांबल्या. ती आबांच्या पायाशी बसली. दोन्ही अंगठे दोन मुठींत धरले. बायका थांबल्याच होत्या. कुणी तिच्या पाठीवरून हात फिरवला, कुणी “रड, बाई, रड” म्हणून पाहिलं. पदराआड तिचा जबडा हलत होता, पण आवाज आला नाही. ज्या आवाजाने चार गावांचे मुडदे जिवंत केले, तो आपल्या बापाच्या वेळी बाहेर पडला नाही. शेवटी म्हाताऱ्या माणसांनी दिवस उतरला म्हणून आबांना उचललं. मागे, लेक आली ती कोरडीच, अशी कुजबुज झाली ती मी तिरडी खांद्यावर घेताना ऐकली: “बाप मरना नि आंडेर कोरडी उनी.”

संध्याकाळी पाहुण्यांना मोटारीपर्यंत पोचवायला मी गेलो.  हेडमास्तर हळूच म्हणाले, “वडिलांना मुलगी नव्हती का हो?”

“आहे ना. ती पायाशी बसली होती ती. माझी मोठी बहीण.”

“असं होय,” ते म्हणाले. “काही ऐकू आलं नाही म्हणून विचारलं. माझी आई गेली तेव्हा माझ्या बहिणीने रडताना असं काही म्हटलं होतं, की अजून मला मन घट्ट करायचं झालं तर मी तेवढंच आठवतो.” मोटार आली आणि ते चढले. मी त्या रस्त्यावर किती वेळ उभा होतो ते मला सांगता येणार नाही. ज्यांच्या लाजेपायी मी बहिणीचं तोंड बंद केलं, ते ऐकायला आले होते.

माणूस इतका निर्लज्ज असतो की यानंतरही तो कविता लिहू शकतो. त्याच पावसाळ्यात मी आबांवर बावीस ओळी लिहिल्या. संपादकांनी त्या पहिल्या पानावर छापल्या. धुळ्याच्या एका सभेत मला त्या म्हणायला लावल्या, लोकांनी माना डोलावल्या, एका वकीलसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. कवितेची सुरुवात अशी होती:

मावळतीच्या काठावरुनी निघे एकला यात्री,
मागे उरते निःशब्दाची अनंत काळी रात्री.

पुढे महासागर होता, विझती ज्योत होती, काळाचं अथांग दार होतं. मी ती रचताना एक साधी ओळही लिहिली होती, ओसरीवरचं ऊन सरकलं आणि रोज तिथे सरकून बसणारा माणूस नव्हता, अशा अर्थाची. संपादकांनी लिहिलं, ही ओळ जरा घरगुती वाटते, काढली तर चालेल का? मी लगेच काढली.

इकडे गावात अक्काचं काय झालं ते मला हळूहळू कळत गेलं. ‘कोरडी’ हे तिचं नाव पडलं. सासरी बोललं गेलं, माहेरी बोललं गेलं. जिला बापाला रडता आलं नाही ती दुसऱ्याच्या माणसाला काय रडणार, असं म्हणून तिच्या दाराशी गाडी यायची बंद झाली. पुढे कुणी बोलावलं तरी ती जाऊन नुसती बसायची. आवाज निघेना. मला वाटतं तो तिने अडवला नव्हता. एकदा दाबलेला तो परत वर यायचं विसरला असावा. आणि एवढं होऊनही, ‘मला भावाने थांबवलं होतं’ हे शब्द तिच्या तोंडून कधीही निघाले नाहीत. तिची जाऊ गाडीत शेजारीच बसलेली होती, तिलाही अक्काने शपथ घातली होती.

तीन वर्षं गेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात तशी अक्का आली. त्याच दिवशी आमच्याकडे पितरांची घागर भरतात. नवी लाल घागर पाण्याने भरली, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवलं, आंबा ठेवला, आबांच्या नावाने चुलीतल्या निखाऱ्यावर पुरणपोळीचा घास टाकला. धूर वर गेला तेव्हा अक्का त्या धुराकडे मान वाकडी करून बघत होती, लांब गेलेल्या माणसाची पाठ बघावी तशी. बाहेर निंबाला झोका बांधला होता, माहेरवाशिणी गात होत्या. अक्काही झोक्याशी उभी राहून दोरीला हात लावत होती, पण ओठ मिटलेले. वय चाळिशीच्या आत. केसांत एक पांढरी बट आणि आंब्याच्या रसाने पिवळी झालेली बोटं.

जेवणं झाल्यावर ती माझ्यापाशी येऊन बसली. “भाऊ, तुनी ती छापेल कविता माले वाची दाखाड.”

मी पेटीतून मासिक काढलं. वाचताना माझा आवाज सभेत लागला होता तसाच लागला. ती लक्ष देऊन ऐकत होती, माझ्या ओठांकडे बघत, मध्येच होकार देत. बावीस ओळी संपल्या.

“चांगली शे रे,” ती म्हणाली. मग खरोखरच जाणून घ्यायचं म्हणून तिने विचारलं, “पन कोन मरनं व्हतं?”

“आबा,” मी म्हणालो.

“आबा?” ती गोंधळली. “आबा एकला कव्हय गया व्हता कोठे?”

ती टोमणा मारत नव्हती. तिला टोमणा मारायचा असता तर मी सुटलो असतो. आबा खरंच कधी एकटे गेले नव्हते. पारोळ्याच्या बाजाराला निघाले तरी चार दारं वाजवून कुणाला तरी बरोबर घ्यायचे, कुणी नाही मिळालं तर बाजारच रद्द. आणि मी त्यांना एकला यात्री करून मावळतीच्या काठावरून पाठवून दिलं होतं. तेही सकाळी दहा वाजता गेलेल्या माणसाला.

मी मासिक मिटलं आणि तिला म्हटलं, “अक्का, त्या दिवशी तू आबांना जे म्हणणार होतीस, ते आता मला सांग.” ती दचकली. चुलीकडे, भिंतींकडे बघून हळू आवाजात म्हणाली, “ते घरमा म्हनतस नही, भाऊ. घर आयकस.” मरण नसलेल्या घरात ते म्हटलं तर घर ऐकतं आणि दुसऱ्या मरणाची वाट बघायला लागतं, असं आमच्याकडे मानतात. मग ती उठता उठता म्हणाली, “आनि ते त्या दिननं व्हतं. तो दिन गया.”

दोन दिवसांनी मी तिला सासरी पोचवायला गेलो. ती पाण्याला गेल्यावर त्या दिवशी गाडीत बसलेल्या तिच्या जावेने, अनसूयाबाईने, मला खुणेने खळ्यावर बोलावलं. गावाबाहेर, उघड्यावर, चाल न लावता, बाजारची यादी सांगावी तशा कोरड्या आवाजात तिने जे आठवत होतं ते सांगितलं. चार कोस अक्का ते पुन्हा पुन्हा म्हणत, जुळवत आली होती. बरंच अनसूयाबाईच्या लक्षात राहिलं नव्हतं. राहिलं ते एवढं:

आबा, वहाना घालीसन जाय, वाट तपेल शे.
आबा, पानी पीसन जाय, मंग कोन इचारी तुले?
बैलेसले मी सांगसू, आबा बजारले गयेल शे.
एकला जाऊ नको, वाटवर कोनी भेटी त्याले संगे ले.
मांगे वयीसन देखू नको, दारमा मी शेच.

मी मराठीचा मास्तर. पोरांना दोन कविता समोरासमोर ठेवून त्यांची तुलना करायला लावणं हा माझा पोटाचा धंदा. तेव्हापासून आजवर मी या दोन कवितांची तुलना मनाशी किती वेळा केली असेल! माझ्या कवितेत मृत्यू केवढा तरी मोठा आहे. त्याला सागर आहे, काळोख आहे, अथांग दार आहे, आणि आबा त्याच्यापुढे इतके लहान आहेत की दिसतच नाहीत. अक्काच्या ओळींत मृत्यूचं नावसुद्धा नाही. तिथे फक्त एक तापलेली वाट आहे, आणि बांधावर वहाणा काढून विसरून येण्याची खोड असलेला एक म्हातारा त्या वाटेवर अनवाणी निघाला आहे, म्हणून त्याची लेक त्याच्यामागे धावते आहे. माझ्या कवितेत आबा पहिल्याच ओळीत निघून जातात आणि पुढच्या वीस-एकवीस ओळी मी त्यांच्या जाण्याची शोभा बघत उभा राहतो. तिच्या प्रत्येक ओळीत ती त्यांना आणखी थोडं थांबवते. वहाणा घाल, पाणी पी, सोबत घे. आणि मगच, अगदी शेवटी, मागे बघू नको म्हणते, तेही आपण दारात आहोत असा शब्द देऊन. मी निरोप दिला तो लोकांदेखत, लोकांसाठी. तिचा निरोप ऐकणारा एकच माणूस होता, आणि त्याच्यापर्यंत तो मी पोचू दिला नाही.

माझ्या कवितेवर मी फार अन्याय करतो आहे का? ती छपाईत सुबक दिसते. तिच्यात वृत्त चुकलेलं नाही. परवा एका विद्यार्थ्याने आपले वडील गेल्यावर ती कापून भिंतीला लावली, असं त्याने मला सांगितलं, आणि ते ऐकून मला बरं वाटलं, हेही लपवत नाही. कोणाच्याही बापाला ती बसते. माझ्या बापाला तेवढी बसत नाही.

त्या दिवशी खळ्यावरून परत येताना मी विहिरीच्या वाटेवर अक्काला गाठलं. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, संध्याकाळचं तांबूस ऊन तिच्या ओल्या बाहीवर पडलेलं. मी म्हटलं, “अक्का, मी आपल्या गावात सगळ्यांना सांगतो. तू कोरडी नव्हतीस, मी तुला गप्प केलं. पारावर उभा राहून सांगतो.”

तिने हंडा सावरला. “सांगू नको,” ती म्हणाली. “लोके तुले नावे ठेवतीन. माले त ठेयेलच शेतस.” आणि पुढे चालू लागली. पाण्याचे थेंब तिच्या मागे धुळीत पडत गेले, आणि मी तिच्या कमरेवरची कळशी घ्यायचंही विसरलो.

मी तिचं ऐकलं. ऐकणं मला सोयीचं होतं म्हणून ऐकलं; तिची आज्ञा मोडवेना असं मी स्वतःला सांगत आलो, पण ते खरं नव्हे. आता इतक्या वर्षांनी हे लिहून टाकतो आहे, तर मनात येतं की हीसुद्धा पळवाटच आहे. ज्या बायकांनी अंगणात बसून तिची वाट पाहिली, ज्यांनी तिला ते नाव दिलं, त्यांतल्या एकीलाही अक्षर येत नाही. अक्कालाही येत नाही. हे वाचणार तुम्ही, पांढऱ्या धोतरांची, छत्र्या घेऊन येणारी, माना डोलावणारी मंडळी. म्हणजे मी पुन्हा तुमच्याच पुढे उभा राहून चांगलं दिसण्याची धडपड करतो आहे, आणि आमच्या गावचा पार माझी वाट बघत तसाच रिकामा पडला आहे.

दिवस जातात, माणसं जातात, आठवणीसुद्धा झिजून गुळगुळीत होतात. पण ज्याला निरोप द्यायचा राहून गेला तो कधी पुरता जात नाही, आणि ज्याच्यामुळे राहून गेला त्याला कोणी जा म्हणत नाही. दर आखाजीला अक्का येते, पाटावर माझ्यासमोर बसते, एक पोळी वाढते, दुसरी वाढते, आणि माझा हात ताटातच थांबलेला बघून विचारते, “काय व्हयनं रे भाऊ? जेव ना.”